बेंबी जाग्यावरच हाय

मी देवाशी भांडले, हे आधीच सांगून टाकते. देवाचे अनुभव गोड शब्दांत सांगणाऱ्या बायका असतात, त्यांच्यात माझी गिनती होणार नाही. माझा स्वभाव तापट. आसेगावात आमची पिठाची गिरणी आहे, ती मीच चालवते, आणि त्या खडखडाटात बोलून बोलून माझा आवाजही तसाच झाला आहे. ओलं दळण आणलं तर मी भल्याभल्यांना परत पाठवते. पण ज्याच्याशी रोजचं बोलणं असतं त्याच्याशीच माणूस भांडतो ना? महादेवाशी माझं बावीस वर्षांचं बोलणं आहे. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून दर सोमवारी नाल्याकाठच्या देवळात जायचं, पिंडीवर एक तांब्या पाणी घालायचं आणि घालता घालता घरातलं सगळं त्याच्या कानावर घालायचं, हा माझा नेम. बाळंतपणं आणि अडचणीचे दिवस सोडले तर त्यात कधी खंड नव्हता. तो गेल्या वर्षी पडला, आणि मी मुद्दाम पाडला.

झालं असं की आमच्या देवळात पिंडीवर तांब्याची गळती टांगलेली आहे. बुडाला बारीक भोक असलेलं भांडं, त्यातून थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहतं. या गळतीचं भोक झिजून वेडंवाकडं झालं होतं आणि त्याच्या बाजूला एक चीरही गेली होती. पाणी सरळ पडायचं सोडून बुडावरून ओघळायचं आणि भलतीकडेच फरशीवर सांडायचं. पिंड कोरडी आणि बायकांचे पाय ओले. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात. जळलेली मोटार आणा, तारा गुंडाळून चालू करून देतील. अख्ख्या पंचक्रोशीचं पाणी वर चढवणाऱ्या माणसाला देवळातलं एक भोक नीट करता येऊ नये? दोन महिने मी मागे लागले होते. "करतो ना," एवढंच उत्तर. आमच्या संसारात मी सगळ्यात जास्त ऐकलेले दोन शब्द हेच.

शेवटी एका रविवारी सकाळी मी गळती देवळातून काढूनच आणली, पिशवीत घातली आणि त्यांच्या मोटरसायकलला अडकवली. "मंगरूळले जा अन् वेल्डिंग करून आना. नाईतं घरात पाय टाकू नोका," असं मी म्हणाले. ते म्हणाले, "अवं, आज रविवार हाय, दुकान बंद असंल." मला वाटलं, झालं, आणखी एक बहाणा. मी ऐकलं नाही. ते गेले. दुकान बंदच होतं.

रिकाम्या हातानं परत येताना रोही आडवा आला. आमच्या भागात हे घोड्याएवढं जनावर पिकांतून कधी उडी मारून रस्त्यावर येईल याचा नेम नाही. मालकांनी ब्रेक दाबला, गाडी जागेवर फिरली आणि हँडलचं टोक त्यांच्या पोटात बसलं. घरी आले तेव्हा कोपराला थोडं खरचटलेलं आणि गळती काखेत धरलेली. शर्ट वर करून बघितलं तर बेंबीच्या वर हँडलच्या टोकाएवढा गोल निळा डाग. रक्त नाही, जखम नाही. "मले कायी नाई झालं. पाह्य, तुह्या देवाचं भांडं कसं वाचवलं," असं म्हणून हसले आणि जेवायला बसले. मीही हळद लावली आणि गप्प बसले. खरं सांगायचं तर तेव्हा मला गळती दुरुस्त झाली नाही याचाच राग जास्त होता. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागलं. गावातल्या दवाखान्यातून ॲसिडिटीचं इंजेक्शन घेऊन आले, दुपारी जरा बरं वाटलं, लगेच दुकानात जाऊन मोटार उघडून बसले. मी म्हणाले, वाशीमला जाऊ, फोटो काढू. "जाऊ ना." तिसऱ्या दिवशी सकाळपासून उलट्या. दुखणं पोटातून थेट पाठीत जायचं. सरळ झोपता येईना, उशी पोटाशी धरून पुढं वाकून बसले होते आणि चेहरा राखेसारखा झाला होता. तरी दवाखान्याचं नाव काढलं की मान हलवायचे. दुसरीकडं माझ्या सासूबाई. त्यांनी सुतळी आणली, बेंबीपासून एका छातीपर्यंत मोजली, मग दुसऱ्या छातीपर्यंत मोजली आणि निकाल दिला, "बेंबी सरकली याची. बोटभर सरकली. धुरपताबाईले बलाव, दोन हात देईन अन् बसवून टाकीन." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "आत्याबाई, हँडल घुसलं हाय पोटात! बेंबी कायले सरकंल?" त्या म्हणाल्या, "हँडलानंच सरकली ना मंग!" 

आणि मालक? दोन दिवस माझं एक न ऐकणारा हा माणूस म्हणाला, "बलाव धुरपताबाईले." मी कपाळावर हात मारून घेतला.

धुरपताबाई आमच्याच गावच्या, बौद्ध वस्तीतल्या. सत्तरी उलटलेली, हाडकुळी बाई. सरकलेली बेंबी बसवण्यात तीन-चार गावांत त्यांचं नाव. दळणाला त्या माझ्याकडेच यायच्या, पण "बारीक दळ" आणि "जाडं दळ" यापलीकडे आमचं कधी बोलणं झालेलं नव्हतं. दुपारी त्या आल्या. तेलाची वाटी सासूबाईंनी तयारच ठेवली होती. मी दारात हाताची घडी घालून उभी, मनात सगळ्यांना शिव्या देत.

त्यांनी बोटं तेलात बुडवली, मालकांना जरा मागे टेकवलं आणि बेंबीवर तीन बोटं ठेवली. ठेवली म्हणजे नुसती टेकवली. डोळे मिटून नाडी बघतात तशा बसल्या. मग डोळे उघडून शर्ट आणखी वर केला आणि तो निळा डाग बघितला.

"हे कशाचं हाय?"

"गाडीचं हँडल लागलं," मालक म्हणाले.

"कवा?"

"परवा."

धुरपताबाईंनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. पदराला तेल पुसलं, एकेक बोट पुसलं. म्हणाल्या, "बेंबी जाग्यावरच हाय. हे आतलं हाय. मी दाबत नाई."

सासूबाई म्हणाल्या, "अवं, जराक तेल तं लाव. हलक्या हातानं."

"नाई मनलं ना!" ती हाडकुळी बाई एवढ्या जोरात ओरडली की सासूबाईंच्या हातातली वाटी हिंदकळली. "कोणीच हात लावू नोका याच्या पोटाले. आताच्या आता वाशीमले न्या."

मालकांनी सवयीनं तोंड उघडलं. "उद्या सकाळी जातो ना..."

"उद्या? उद्या तुले न्यायले मानसं जमा करा लागतीन. ऊठ! गाडी बलाव वं सूनबाई, उभी काहून राह्यली?"

आणि मालक उठले. मी दोन दिवस घसा फोडून सांगत होते ते त्यांनी त्या बाईच्या एका शब्दावर केलं. शेजाऱ्यांची गाडी आली, मालकांना मागच्या सीटवर बसवलं. गाडी वळेपर्यंत धुरपताबाई रस्त्यात उभ्या होत्या. मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. मला त्या वेळी रागच आला होता, की माझ्या शब्दाला या घरात काही किंमतच नाही.

वाशीमच्या दवाखान्यात रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, मग सीटी स्कॅन. तिथले डॉक्टर तरुण होते, बिचारे समजावून सांगत होते, पण बोलायचे पुस्तकातलं. म्हणाले, "पेशंटच्या स्वादुपिंडाला मार लागला आहे." मला हा शब्द ऐकूनही माहीत नव्हता. काळीज माहीत आहे, गुर्दा माहीत आहे, आतडं माहीत आहे. स्वादुपिंड? मी विचारायला तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनी त्यातला 'पिंड' तेवढा उचलला आणि तिथंच बसकण मारून हंबरडा फोडला. "अवो माय! जित्या मानसाचे पिंड कायले पाडता रे बाप्पा! माह्यं लेकरू जितं हाय ना अजून!" सगळा दवाखाना गोळा झाला. नर्स धावली, कोणी पाणी आणलं, एक बाई तर न विचारता सासूबाईंच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी एका हातानं सासूबाईंना उठवतेय, दुसऱ्या हातात रिपोर्ट, आणि डॉक्टर सारखे म्हणताहेत, "तसं नाही आजी, तसं नाही." जीव टांगणीला लागलेला असताना मला तिथं हसू फुटलं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा रडू आलं.

मग त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं. पोटात पार मागं, पाठीच्या मणक्याला चिकटून एक अवयव असतो. अन्न पचवणारा रस तिथं तयार होतो. समोरून जोराचा मार बसला की तो मणक्यावर दाबला जातो आणि चिरडतो. वरून काही दिसत नाही. पहिले दिवस-दोन दिवस माणूस हिंडतो-फिरतो, आणि आत रस गळत राहतो. तो रस अन्न पचवतो तसा आतलं मांसही जाळायला लागतो. "इथं याचा इलाज होणार नाही, अकोल्याला न्या," म्हणाले आणि ॲम्ब्युलन्स करून दिली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी एका कागदाच्या पाठीवर चित्र काढलं. मक्याच्या कणसासारखं काहीतरी, आणि त्याच्या मधून एक बारीक नळी. "रस या नळीतून आतड्यात जातो. ती नळी कुठंतरी फाटली आहे. थोडी फाटली आहे की पूर्ण तुटली आहे, ते तोंडातून दुर्बीण खाली घालून, नळीत औषध सोडून बघावं लागेल. थोडी फाटली असेल तर दुर्बिणीतूनच आत प्लॅस्टिकची बारीक नळी बसवतो, तिला स्टेंट म्हणतात. म्हणजे रस भलतीकडे न सांडता आपल्या वाटेनं जाईल, आणि फाटलेली जागा भरून येईल. पूर्ण तुटली असेल तर मात्र पोट उघडावं लागेल, आणि या अवस्थेत ते सोपं नाही."

मी त्या चित्राकडे बघत राहिले. बघता बघता माझ्या तोंडातून निघून गेलं, "साहेब, आमच्या गळतीचंही हेच दुखणं हाय."

डॉक्टर म्हणाले, "कोणाला गळती आहे? तुम्हाला?"

मी काय सांगणार होते त्यांना? म्हणाले, "कोणाले नाई. तुमी करा."

मग सहीचा कागद. त्यावर काय काय होऊ शकतं याची भली मोठी यादी. सूज वाढू शकते, रक्त येऊ शकतं, नळी बसली नाही असंही होऊ शकतं. एवढं सगळं वाचून दाखवायचं आणि वर म्हणायचं, "काळजी करू नका." मी सही केली. मालकांना आत नेताना त्यांनी अंगठी आणि घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, चपला मी पिशवीत घातल्या. ते म्हणाले, "ते भांडं घरी कोपऱ्यात ठेवलं हाय. आल्यावर करून देतो ना." या वेळी मला त्या 'करतो ना'चा राग आला नाही. 

दार बंद झालं आणि बाकावर मी एकटी. सासूबाईंना जावेकडे पाठवलं होतं. तिथं बसून मी महादेवाची जी हजेरी घेतली, तशी कुणी घेतली नसेल. तुझ्याच कामाला गेला होता ना रे तो? भोक तुझ्या भांड्याचं, आणि फाटलं त्याचं पोट? रोहीला नेमका तेव्हाच रस्त्यावर पाठवायला तुला फुरसत होती, वेल्डिंगवाल्याचं दुकान उघडं ठेवायला नव्हती? बावीस वर्षं पाणी घातलं. उन्हाळ्यात टँकर आला नाही तेव्हा घरात कमी वापरलं, पण तुला घातलं. त्याचं हे? आता थेंब मिळणार नाही तुला माझ्या हातचा. बस तसाच कोरडा! बाजूच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा कळलं की यातलं बरंचसं मी मोठ्यानं बोलत होते.

देवाला बोलून बोलून शेवटी वळून ते माझ्यावरच आलं. रविवारी कुणी पाठवलं त्यांना? मीच. दुकान बंद असेल असं ते म्हणाले होते. घरात पाय टाकू नका, असं मी म्हणाले होते. आता खरंच त्यांचा पाय घरात पडला नाही तर? मला दरदरून घाम फुटला. भांडायलाही काही उरलं नाही. पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि मनातल्या मनात म्हणाले, बाबा, आता मला काही सुचत नाही. डॉक्टरच्या हातात दुर्बीण आहे, ते त्यांचं काम करतील. तुझ्या हातात जे असेल ते तू कर. माझ्या हातात ही त्यांच्या चपलांची पिशवी आहे, ती मी धरून बसते. बावीस वर्षांत मी त्याच्याकडे काही मागितलं नाही, काही सांगितलं नाही, असं तेव्हा पहिल्यांदा झालं. लगेच काही दार उघडलं नाही. घंटा वाजली नाही. उलट बराच वेळ गेला, आणि समोरचा पंखा कुरकुरत होता त्यानं माझं डोकं उठवलं. पण घाम थांबला होता एवढं खरं.

डॉक्टर बाहेर आले ते टोपी काढतच. "नळी अर्धीच फाटली होती. उरलेल्या अर्ध्या भागाच्या आधारानं स्टेंट पार पुढं गेला. चांगला बसला." मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. "गावाकडे पोट दुखलं की बेंबी बसवतात. कुणी चोळलं नाही ना यांचं पोट? दाबलं नाही?"

मी म्हणाले, "नाई. कोणीच हात लावला नाई."

"नशीब तुमचं. अर्धी फाटलेली नळी होती. तिसऱ्या दिवशी कुणी जोर लावून पोट रगडलं असतं, तर आज मी तुम्हाला वेगळं काहीतरी सांगत असतो. कुणाला तरी देवानं वेळेवर बुद्धी दिली म्हणायची."

ते गेले.  पदराला एकेक बोट पुसणाऱ्या धुरपताबाई माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मी त्यांना साधं 'येते' सुद्धा म्हणाले नव्हते.

पुढचे दिवस काही सुखाचे गेले नाहीत. बरेच दिवस तोंडानं पाणीसुद्धा नाही, सगळं सलाईनवर. पोटात साठलेलं पाणी हळूहळू जिरलं. घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांनी नाकी नऊ आणले. एक म्हणे ताक द्या, दुसरी म्हणे ताक अजिबात देऊ नका. एका भाच्यानं मोबाइलवर बघून सांगितलं की माणसाला हा अवयव नसला तरी चालतं. मी त्याला चहा न देताच वाटेला लावलं. मालक मऊ खिचडीला वैतागले, मी मालकांना वैतागले. गळती मी गिरणीच्या कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांखाली पालथी घालून ठेवली होती. देवळाचे गुरव दोनदा मागायला आले. मी म्हणाले, ज्याची आहे त्याला येऊ द्या मागायला. ते बिचारे मान खाली घालून गेले. मालक वाचले होते, तरी माझा राग काही पुरता गेला नव्हता, आणि खोटं प्रेम दाखवायला मी देवळात जाणार नव्हते.

दोन महिन्यांनी अकोल्याला जाऊन स्टेंट काढला, तोही दुर्बिणीतूनच. डॉक्टर म्हणाले, नळी भरून आली, रस आपल्या वाटेनं जातोय. मालकांनी तो बघायला मागितला. एवढीशी प्लॅस्टिकची काडी! त्यांनी ती उलटसुलट करून अगदी मोटारीचा सुटा भाग बघावा तशी बघितली. घरी आले आणि कुणी न सांगता पोत्यांखालची गळती काढली. चीर वेल्डिंग करून आणली, झिजलेल्या भोकात तांब्याची बारीक नळी बसवली आणि सभोवती कथलाचा डाग देऊन पक्की केली. मला म्हणाले, "माह्यं केलं तसंच हिचं केलं." बाकी सगळ्या कामांना महिने लावणाऱ्या माणसानं हे एका दुपारीत केलं.

पण देवळात जायच्या आधी मला एक देणं फेडायचं होतं. मी एक लुगडं आणि नारळ घेतला आणि धुरपताबाईंकडे गेले. बाहेर त्यांचा मातीचा मोठा रांजण, त्यावर लाकडी झाकण आणि स्टीलचा पेला. एसटीच्या थांब्याकडे जाणारी माणसं तिथं पाणी पितात, हे मी येता-जाता कितीदा पाहिलं होतं. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाची तसबीर. त्या तांदूळ निवडत होत्या. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय ओढून घेतले. मी वाटेत जुळवून ठेवलेलं बोलून टाकलं. म्हणाले, "माय, तुमच्यामुळं माह्यं कुंकू राह्यलं. त्या दिवशी महादेवच तुमच्या हातात येऊन बसला होता."

त्यांनी तांदळातला एक खडा वेचला, बाजूला टाकला. "मले तुमचा महादेव नोको सांगू, बाई. तो माह्या हातात येनाराच असता, तं तवाच नसता का आला?"

"कवा?"

त्यांनी ताटावरून हात काढला. "आमच्या घरच्याईले बैलानं लात मारली होती. पोटात. वरतून कायी नाई, नुसता निया डाग. मले बेंबी बसवता येत होती ना! सकाळी बसवली. दुपारी बसवली. सांजेले पुन्हा बसवली. ते वरडत, अन् मी म्हनो, जराक दम धरा, आता बसते. चौथ्या दिवशी गेले." त्यांनी ताट पुन्हा पुढं ओढलं. "बेंबी जाग्यावरच होती, बाई. तवा मले सांगनारं कोणी नोतं. तवापासून मार लागल्या पोटाले मी हात लावत नाई. तुह्या घरी बोटं ठेवली, डाग पाह्यला, अन् मले तेच पोट दिसलं."

माझ्या हातात नारळ होता, तो कुठं ठेवावा ते मला कळेना. त्या दुपारी मी जिला मनातून अडाणी म्हणत होते, त्या बाईनं आपल्या नवऱ्याच्या मरणातून शिकलेली गोष्ट माझ्या नवऱ्यावर खर्च केली होती, आणि मी तिच्या घरात बसून तिला माझ्या देवाचा मोठेपणा सांगत होते. बाकावर बसून मी विचारलं होतं ना, बावीस वर्षांचं पाणी गेलं कुठं? आणि हिनं कुणाला विचारावं? तिथं मी रडले, चांगली मोठ्यानं रडले. त्या मात्र रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उगी. तुहा नवरा चांगला हाय ना आता? खाते ना?"

निघताना म्हणाल्या, "लुगडं ठेव, रंग बरा हाय. नारळ ने." मी विचारलं, तुमच्यासाठी मी आणखी काय करू? त्या म्हणाल्या, "मले काय पाह्यजे? अन् तुले पाणी टाकाची एवढी हौसच असंल, तं त्या रांजनात टाकत जाय. आमच्या घरच्याईनं मांडला होता तो. हापशावरून आता माह्याच्यानं आणनं होत नाई. येनारा-जानारा पेते."

त्या सोमवारी मी देवळात गेले. गळती पुन्हा टांगली. पहिला थेंब नळीच्या टोकाशी जमला, लोंबला आणि बरोबर पिंडीच्या मधोमध पडला. मी हात जोडले. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण मी काही सांगितलं नाही आणि काही मागितलं नाही. झालं ते त्यानं केलं की नाही, केलं असेल तर माझ्या दारात आणि तिच्या दारात असा फरक का केला, हे मला त्या दिवशीही कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. कळल्याशिवाय हात जोडायचे नाहीत हा माझा हट्ट मात्र सुटला. आपल्या हातात जी पिशवी असेल ती धरून बसावं, एवढं मी त्या बाकावर शिकले, आणि त्यासाठी मी त्याची ऋणी आहे. भांडण अजूनही होतं, नाही असं नाही.

आता सोमवारी मी एक तांब्या आणि एक घागर घेऊन निघते. तांब्या पिंडीवर, आणि येताना हापशावर भरलेली घागर धुरपताबाईंच्या रांजणात. इतर दिवशी मालक दुकानाच्या वाटेवर दोन कळशा आणून टाकतात, "टाकतो ना" असं न म्हणता. मी घागर ओतायला लागले की धुरपताबाई उंबऱ्यातूनच विचारतात, "गाळून आनलं ना वं?" दर सोमवारी तेच. एखाद्या दिवशी मला रागच येतो, की बाई, किती वेळा सांगू? पण मी झाकण नीट लावते, पेला पालथा घालते आणि म्हणते, "हो माय, गाळून आनलं."